उचल फिटेपर्यंत माय आणि भावाला सोडणार नाही म्हणतोय मुकादम. कुठे दाद मागायची?

माळावरची

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातली, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वस्तीवरची. पुण्यात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात आजोबांपासून कोयता आहे, म्हणजे ऊसतोडीचं काम. सातवीपर्यंत मीही दर दिवाळीनंतर मायबापाबरोबर कारखान्यावर जायचे. पुढे मामाने ठेवून घेतलं म्हणून शिकले.

यंदा माझे मायबाप आणि धाकटा भाऊ (वय १५, नववीत नाव आहे, शाळेत नाही) २८ ऑक्टोबरला कृष्णाकाठच्या एका कारखान्यावर गेले. ट्रॅक्टर टोळी, ११ कोयते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, एक कोयता म्हणजे एक जोडपं. भाऊ मोळ्या बांधतो, वाढे (उसाचे शेंडे) गोळा करतो, रात्री गाडी भरायलाही जातो, पण तो कोयत्यात धरला जात नाही. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून (ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे कामाआधीची आगाऊ रक्कम, १,२०,००० घेतली होती. त्यातले ८० हजार थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या देण्यात गेले, बाकीच्यातून घरावर पत्रे टाकले.

२४ जानेवारीला रात्री अडीच वाजता गाडी भरताना आण्णा (वडील) डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होते. दंवाने फळी निसरडी झालेली. खाली पडले, नडगीचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं आणि चौथ्या दिवशी त्यांना एसटीत बसवून गावी पाठवलं. माय आणि भाऊ मात्र तिथेच. मुकादम म्हणतो, "एक लाख तीन हजार बाकी आहे. पैसे आणा, नाहीतर बदली कोयता आणा, मग न्या." मायचा मोबाइल आणि आधार कार्ड त्याने घेऊन ठेवलंय. ती आता एकटी 'अर्धा कोयता' म्हणून तोडते, भाऊ तिच्या जोडीला. मी शेजारच्या कोपीतल्या (झोपडीतल्या) काकूंच्या फोनवर बोलते, तेही दोन मिनिटं.

मुकादमाचा हिशेब असा: उचल १,२०,०००, खर्ची (मधे घरखर्चाला दिलेले) ९,०००, दवाखाना ६,०००, खाडे (काम न झालेले दिवस) ११ दिवसांचे (जोडीला दिवसाला हजार) ११,०००. एकूण १,४६,०००. त्यातून ११८ टनांचे, टनाला ३६६ प्रमाणे, ४३,१८८ वजा.

आता आमचा हिशेब. लहानपणी टोळीची वही मी लिहायचे, आता भाऊ लिहितो, गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर. रोजची खेप, शेतकऱ्याचं नाव, स्लिपवरचं वजन. दोन ट्रॉल्या मिळून खेपेला साधारण २० टन. त्याच्या वहीत २४ जानेवारीपर्यंत ७८ खेपा आहेत. ११ कोयत्यांत वाटले तर आमच्या वाट्याला १४२ टन येतात. मुकादम ६५ खेपाच धरतो. खाड्याचंही तसंच. ११ पैकी ७ दिवस गाडीच आली नव्हती, कारखान्याचं गाळप बंद होतं. तो खाडा आमचा कसा? दवाखाना आणि खाडे सोडून उचल आणि खर्चीच धरली तर आमच्या वहीप्रमाणे बाकी ७७,०२८ निघते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, त्या दोघांना आजच्या आज बाहेर कसं काढायचं? दोन, पोलीस ठाण्यात मामा जाऊन आला, तिथे "पैशाचा वाद आहे, आपसात मिटवा" असं सांगितलं. हे बरोबर आहे का? तीन, आमची वही कुणी पुरावा म्हणून धरेल का?

कोयता-सोडलेला

पोरी, मी २२ हंगाम केले. पाठीचा मणका गेला म्हणून सोडलं, आता आमच्या तालुक्यात टोळ्या परत आणायच्या कामात असतो. तुझं लिहिणं वाचलं आणि पहिलं एक सांगतो. तू हिशेबात शिरली आहेस, तसं करू नको. मुकादमाला तेच पाहिजे असतं. तू म्हणणार ७७ हजार, तो म्हणणार १ लाख ३, मग चार माणसं बसून ९० वर तोडणार आणि तुझी माय मार्चपर्यंत तिथंच. बाकी ७७ हजार असो की ७७ लाख, बाकीपोटी माणूस अडवता येत नाही. आधी माणूस बाहेर, हिशेब मागून.

कायदा १९७६ चा आहे, वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा. लोकांना वाटतं वेठबिगार म्हणजे पायात साखळी. तसं नाही. उचल घेतली आणि तिच्यापोटी माणसाला निघून जाता येत नाही, किंवा दुसरीकडे काम धरता येत नाही, किंवा नाममात्र मजुरीत राबावं लागतं, यातलं एक जरी असलं तरी ती वेठबिगारी. ठेकेदारामार्फत आणलेल्या मजुरालाही हे लागू आहे, १९८५ ला तसा खुलासाच घातला. आणि अशी वेठबिगारी ठरली की ते कर्ज कायद्याने संपतं. कलम ६ वाच.

अर्ज पोलीस ठाण्यात नको, जिल्हाधिकाऱ्याच्या नावाने कर, प्रत प्रांताधिकारी आणि तहसीलदाराला. आपल्या बीडला नाही, तर जिथे माय आहे त्या जिल्ह्यात. इथेच बरेच लोक फसतात. गावाकडच्या कलेक्टरला निवेदन देतात, फोटो काढतात, आणि पत्र टपालाने जाईपर्यंत पट्टा पडतो, म्हणजे हंगामच संपतो.

अर्जात भाषण लिहू नको. "ऊसतोड मजुरांवर होणारा अन्याय" वगैरे एक ओळही नको. कोण, किती दिवसांपासून, तळ कुठे आहे, कुठल्या रस्त्याला, कुणाच्या शेताच्या बांधाला, काय शब्दांत अडवलं, मोबाइल आणि आधार कधी काढून घेतलं. मारलं नसेल तर मारलं लिहू नको. एक खोटी ओळ सापडली की खऱ्या दहा ओळी वाया.

भाऊ १५ चा आहे, त्याचा वेगळा अर्ज. १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लाव. १८ च्या आतल्या पोराला कामासाठी अडकवून ठेवणं किंवा त्याची कमाई दाबणं हा बाल न्याय कायद्यात वेगळा गुन्हा आहे, कलम ७९, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. अधिकारी मोठ्यांच्या अर्जावर पेंगतात, पोराच्या अर्जावर लवकर उठतात. माझा अनुभव.

सरळ-हिशेब

सगळं ठीक, पण उचल घेतली तेव्हा कुणी बंदूक लावली होती का? १ लाख २० हजार घरात आले, लग्न झालं, पत्रे बसले. आता कायदा दाखवून कर्ज माफ करा म्हणायचं. उद्या कुणी उचल देईल का?

माळावरची

सरळ-हिशेब, आम्ही माफ करा म्हटलेलं नाही. वरती पुन्हा वाचा. आमच्याच वहीप्रमाणे ७७,०२८ बाकी आहे हे मीच काढलंय. आण्णा पडले नसते तर एप्रिलपर्यंत बरीचशी फिटली असती, राहिली ती पुढच्या हंगामावर गेली असती, दर वर्षी जाते तशी.

पण तुम्ही हिशेबाचं नाव घेतलंय तर हाही करून बघा. १४२ टनांचे ५१,९७२ रुपये होतात. दिवस धरा ८०, माणसं दोन. माणशी दिवसाला ३२५ रुपये. भाऊ धरला तर २१७. यात पहाटे चारला फडात (उसाच्या शेतात) उतरणं आलं आणि रात्री गाडी आली की पुन्हा उठून भरणं आलं. ३६६ हा दरसुद्धा भांडून मिळालेला आहे. २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ ठरली तेव्हा कुठे इथवर आलो. त्याच बैठकीत मुकादमाचं कमिशनही १९ चं २० टक्के झालं.

खाड्याबद्दलही सांगते, कारण ते कुणी विचारत नाही. खाडा म्हणजे सुट्टी घेतली तर मजुरी तर बुडतेच, वर दंड. माझ्या मावशीची गर्भाशयाची पिशवी ३१ व्या वर्षी काढली. तिला कॅन्सर नव्हता. दर महिन्याला दोन-तीन दिवस अंगावरून खूप जायचं आणि तेवढे खाडे पडायचे. डॉक्टर म्हणाला काढून टाका, मुकादमाने त्यासाठीही उचल दिली. २०१९ ला बीडमध्ये सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. नर्सिंगला आल्यावर पहिल्या वर्षी गर्भाशयाची आकृती काढताना मला मावशीच आठवत होती. त्या शस्त्रक्रियेनंतर हाडं ठिसूळ होऊ शकतात हे तिला कुणी सांगितलं नाही. आज चाळिशीत ती मोळी उचलू शकत नाही, म्हणून आता तिचा अर्धा कोयता.

बंदूक कुणी लावली नव्हती, हे खरं.

ट्रॅक्टरवाला

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, त्यामुळे शिव्या पडतील, तरी लिहितो. माझा ट्रॅक्टर तोडणी-वाहतुकीला असतो. तीन वर्षांपूर्वी एका मुकादमाला १४ लाख दिले, नोटरी केली, दसऱ्याला गाडी घेऊन गावात गेलो तर घराला कुलूप. ना मुकादम, ना टोळी. ट्रॅक्टरचा हप्ता मला चुकला नाही. कारखाना म्हणाला तुमचा प्रश्न. पोलीस म्हणाले पैशाचा वाद, आपसात मिटवा. म्हणजे ताई, तुमच्या मामाला सांगितलं तेच मलाही सांगितलं होतं.

हे सांगायचं कारण, लोकांना वाटतं मजूर एकीकडे आणि बाकी सगळे दुसरीकडे. तसं नसतं. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम कोयत्यांना. प्रत्येकजण वरून घेतलेलं खाली वाटतो आणि बुडालं की खालच्याच्या उरावर बसतो. कारखान्याच्या कागदावर मजुराचं नावच नसतं, सगळं गाडीच्या कोडवर.

पण त्याच कोडमध्ये तुमचा पुरावा आहे. वही लोक मानतील की नाही माहीत नाही, पण कारखान्याचा काटा मानावाच लागतो. गव्हाणीकडे (ऊस गाळपाला टाकतात तिकडे) जायच्या आधी प्रत्येक गाडीचं वजन होतं. स्लिपवर गाडीचा कोड, शेतकऱ्याचं नाव, तारीख, वजन असतं. एक प्रत शेतकऱ्याला मिळते, आणि दर पंधरवड्याला आम्हा गाडीवाल्यांना तोडणी-वाहतुकीचं बिल येतं, त्यात एकूण एक खेप छापलेली असते. मुकादम ६५ म्हणाला म्हणून कारखान्याच्या कॉम्प्युटरवर ६५ होत नाहीत. त्याचं स्वतःचं २० टक्के कमिशनही त्याच टनावर निघतं, तिथे त्याने एक खेप सोडली नसेल.

तुमच्या भावाने शेतकऱ्यांची नावं लिहिलीत ना? मग त्या शेतकऱ्यांना फोन करा. ऊस गेलेला शेतकरी स्लिपा जपून ठेवतो, त्याचं बिल त्यावर असतं. आणि टोळीच्या ट्रॅक्टर मालकाला गाठा. तो मुकादमाच्या बाजूचा असेल असं धरून चालू नका. मुकादम तुमच्याकडून जास्तीचे पैसे वसूल करतो ते मालकाला देतोच असं नाही.

काळा कोट

वकील आहे, सातारा-सांगली भागात. मुद्दे सुटे सुटे लिहितो, घाईत आहे.

कोयता-सोडलेला यांनी सांगितलेला अर्जाचा मार्ग बरोबर. भर एवढीच की याच कायद्यातलं कलम १५ अर्जात लिहा. हे वेठबिगारीचं कर्ज नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर आहे, तुमच्या आईवर नाही. आणि माणशी ३२५ चा जो हिशेब तुम्ही मांडलात तो तसाच अर्जात घाला, शेतमजुरीच्या किमान वेतनाचा त्या काळातला दर शेजारी लिहून. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात म्हटलंय की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणं हीसुद्धा संविधानाच्या २३ व्या कलमातली सक्तीची मजुरी. भुकेमुळे हो म्हटलं असलं तरीही. सरळ-हिशेब यांच्या बंदुकीच्या प्रश्नाला तेच उत्तर आहे.

वकिलाची फी भरू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यात, कलम १२, स्त्रिया, मुलं आणि वेठबिगारीचे बळी यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट त्यांना नाही. त्या जिल्ह्याच्या न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय असतं. फोन १५१००.

अधिकारी तळावर गेले की मुकादम हमखास म्हणतो, "कुणी अडवलंय? आत्ता जा." आणि अधिकारी पंचनाम्यात "आपसात मिटले" लिहून मोकळे होतात. त्यावर सही किंवा अंगठा देऊ नका. तुम्हाला पाहिजे तो मुक्तता दाखला, म्हणजे वेठबिगारीतून सोडवल्याचा सरकारी कागद. तो नसेल तर पुनर्वसनाची रक्कम नाही. २०२१ च्या केंद्राच्या योजनेत तातडीची मदत ३० हजारांपर्यंत, पुढची मोठी रक्कम बाई आणि मुलासाठी जास्त, पण ती खटल्याशी बांधलेली आहे, लगेच मिळेल असं समजू नका.

दवाखान्याचे ६ हजार उचलीत घातलेत, ते काढायला लावा. कामावर झालेल्या इजेचा खर्च आणि भरपाई ही काम देणाऱ्याची जबाबदारी, आणि ठेकेदारामार्फत काम करून घेतलं म्हणून वरचा सुटत नाही. वडिलांचा केसपेपर बघितलात का?

माळावरची

केसपेपर आज मामाने फोटो काढून पाठवला. नर्सिंगला असून हे मला आधी सुचलं नाही, याची लाज वाटली. त्यावर लिहिलंय, "घरी पाय घसरून पडल्याने". आण्णांना विचारलं तर म्हणाले, मुकादमच बरोबर होता, त्यानेच डॉक्टरांना सांगितलं, मला वेदनेत काही समजत नव्हतं. 'घरी'! ज्या माणसाचं घर तिथून एका रात्रीच्या प्रवासावर आहे त्याच्या केसपेपरवर 'घरी'. पण दाखल झाल्याची वेळ पहाटे ३:५० आहे आणि 'पायाला, कपड्यांना उसाचं पाचट' असं ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरने नोंदवलंय. ती कोण आहे मला माहीत नाही, पण वॉर्डात गेले की मीही आता असंच लिहिणार.

अर्ज केला. दोन्ही वेगवेगळे. मामा आणि मी स्वतः गेलो, पोच घेतली. कळवते.

माळावरची (नऊ दिवसांनी)

माय आणि भाऊ काल रात्री घरी आले.

मंडळ अधिकारी, १०९८ ची एक ताई आणि प्राधिकरणाचे वकील असे तिघे तळावर गेले होते. काळा कोट म्हणाले तेच शब्द मुकादम बोलला, "कुणी अडवलंय, जा की." एका तासात मायने तवा, दोन पातेली, गोधड्या आणि भावाची वही बांधली. मोबाइल परत मिळाला, आधार "सापडत नाही". "आपसात मिटले" वर मात्र मायने अंगठा देऊन टाकला. मी तिथे नव्हते, तिला वाटलं घरी जायचा कागद आहे. वकिलांनी दुसऱ्या दिवशी हरकत लिहून दिली आहे आणि मुक्तता दाखल्याचा अर्ज वेगळा केलाय. त्याचं अजून काही नाही.

भावाची शाळा आता उरलेल्या दोन महिन्यांची. जाताना शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाला तिकडच्या शाळेत घेण्यासाठीचा कागद) घेतलंच नव्हतं, म्हणून तो तिकडच्या कुठल्याच शाळेच्या पटावर नव्हता. आमच्या मुख्याध्यापक बाई म्हणाल्या परीक्षेला बसू दे, पुढच्या वर्षी आपल्या तालुक्याच्या ऊसतोड मुलांच्या वसतिगृहात नाव घालू. बघू. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं जाहीर झाली होती, आमच्या तालुक्यातलं भाड्याच्या इमारतीत आहे, पण आहे.

आता खेपांचं. ट्रॅक्टरवाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे मालकाला फोन केला. पहिला फोन त्याने कापला. दुसऱ्यांदा मी फक्त एवढंच म्हटलं की आमच्याकडून एक लाख तीन हजार मागतात, त्यातले तुमच्यापर्यंत किती येणार आहेत? तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग रात्री सहा पंधरवड्यांच्या बिलांचे फोटो पाठवले. २४ जानेवारीपर्यंत ७६ खेपा. भावाच्या ७८ मधल्या दोन दुसऱ्या टोळीच्या होत्या. एका दिवशी आमच्या गाडीत बिघाड होता आणि शेजारच्या टोळीची गाडी आमच्या तळावरून गेली, ती त्याने लिहून ठेवली. तेव्हा आमचा आकडाही चुकला होता, हे इथे सांगते. पण ६५ नव्हे, ७६.

मग रात्री झोप येईना म्हणून पुढचा गुणाकार केला. ११ खेपा, २० टन, ३६६ रुपये. ८०,५२०. हे एकट्या आमचे नाहीत, अकराही कोयत्यांचे आहेत. आणि हा हिशेब जानेवारीपर्यंतचाच.

आज सकाळपासून काकूंच्या फोनवरून चार जणींचे फोन आले. आवाज बारीक करून विचारतात, "तुह्या वहीत आमचंबी हाय का गं?" वहीत सगळ्यांचंच आहे, खेप काय एकट्याची नसते. पण त्या अजून तिथेच आहेत, पट्टा पडायला महिना आहे, आणि मुकादम आमच्याच गावचा. त्यांची नावं घालून अर्ज केला तर उद्या फडात त्यांचं काय होईल हे मला माहीत आहे, मी तिथे वाढलेय. मग मागायचं कसं?

कोयता-सोडलेला

नावं घालू नको. अर्ज तुझ्या मायचा एकटीचा, पण मागणी गाडीच्या कोडची. "माझ्या वाट्याचे टन काढण्यासाठी या कोडवरच्या हंगाम सुरू झाल्यापासूनच्या सर्व खेपांचा उतारा द्यावा." वाटा काढायचा तर पूर्ण बेरीज लागतेच, त्यात कुणाला काही म्हणता येत नाही. उतारा आला की तो अकरा जणांचा झाला.

तारीख मात्र २४ जानेवारीवर थांबवू नको. माय ज्या दिवशी निघाली त्या दिवसापर्यंत माग, तेवढे तिचे अर्ध्या कोयत्याचे टन आहेत. आणि काकूला सांग, आता वही तिच्या पोरीने लिहायची. तिसरीतली असली तरी चालेल, खेप मोजायला तेवढं पुरतं. गाडीचा नंबर आणि शेतकऱ्याचं नाव न चुकता लिहायला सांग. दुसऱ्या टोळीची गाडी असेल तर त्यापुढे फुली.